स्क्रीन गेली की लगेच फॉरमॅट? मला हे पटत नाही



मागच्या व्हिडिओत आपण विंडोज ७ वर डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्प्ले अ‍ॅडाप्टरच्या नावावरचं पिवळं चिन्ह कसं वाचायचं ते बघितलं. व्हिडिओत हाताने करून दाखवायचं तेवढं दाखवता येतं, मत मांडायला जागा राहत नाही. ते आज इथं लिहितोय. थोडं लांब झालंय. चहा घेऊन बसा.

माझं मत सरळ आहे. जुन्या कॉम्प्युटरची स्क्रीन बिघडली, आयकॉन मोठे झाले, रंग उडाले किंवा स्क्रीन काळी पडली, की आपल्यातले निम्मे टेक्निशियन पहिली गोष्ट करतात ती म्हणजे फॉरमॅट. हे कामाच्या दृष्टीने चूक आहे आणि धंद्याच्या दृष्टीने त्याहून मोठी चूक आहे. दुसऱ्याकडे बोट दाखवायच्या आधी माझं स्वतःचं सांगतो, कारण ही चूक मी केलेली आहे, पैसे घेऊन केलेली आहे.

२०१३ ची गोष्ट. माझं बीबीए नुकतंच झालं होतं, आणि बार्शीत एका गाळ्यात मी रिपेअरिंग सुरू केलं होतं. ओळखीतले एक अण्णा, त्यांचं लग्नपत्रिकांचं छोटं प्रेस. पेजमेकर, कोरल, श्रीलिपी, सगळं एकाच मशीनवर, विंडोज ७. लग्नसराई तोंडावर. अण्णांचा जुना मॉनिटर गेला म्हणून त्यांनी नवा रुंद मॉनिटर आणला, आणि जोडल्यावर सगळं ताणलेलं दिसायला लागलं. पत्रिकेवरचा गणपती आडवा पसरला, गोल नक्षी अंड्यासारखी. मला बोलावलं. मी रिझोल्यूशनच्या यादीत बघितलं तर १०२४ बाय ७६८ च्या वर पर्यायच नाही. मॉनिटर होता १३६६ बाय ७६८ चा. मी म्हणालो, "अण्णा, विंडोज करप्ट झालीय. फॉरमॅट मारावं लागेल."

मारलं. सी ड्राइव्ह साफ. डेस्कटॉपवर काय आहे ते मी अण्णांना विचारलं होतं, ते म्हणाले, "काही नाही रे, सगळं डी ला आहे." पण त्यांच्या मुलाने चालू सीझनच्या सतरा-अठरा पत्रिका डेस्कटॉपवरच्याच एका फोल्डरमध्ये ठेवल्या होत्या. त्या गेल्या. मदरबोर्डच्या सीडीवरून ड्रायव्हर टाकला, रीस्टार्ट केलं, यादी उघडली. वरचा आकडा तोच, १०२४ बाय ७६८.

शेवटी वैतागून शेजारच्या सायबर कॅफेतून एक केबल आणून लावली, आणि दोन सेकंदांत स्क्रीन व्यवस्थित. बिघाड केबलचा होता. साडेतीनशे रुपये मी फॉरमॅटचे घेतले. केबलमुळे झालं होतं हे बोललो नाही. "झालं अण्णा" म्हणालो आणि निघालो.

आता ती केबल असं का करत होती हे समजून घ्या, कारण यातच अर्धा विषय आहे. व्हीजीए केबलला पंधरा पिना असतात. चित्र त्यातल्या काहीच पिनांवरून जातं: लाल, हिरवा, निळा, आणि दोन सिंकच्या. पण १२ आणि १५ नंबरच्या पिना चित्रासाठी नसतातच. त्यांच्यावरून मॉनिटर कॉम्प्युटरला स्वतःची ओळख सांगतो: मी अमुक आकाराचा, मला अमुक रिझोल्यूशन चालतं. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. यातली एखादी पिन वाकली, तुटली, किंवा केबल बनवणाऱ्याने स्वस्तात काढायची म्हणून ती वायर टाकलीच नाही, तर चित्र येतं पण ओळख येत नाही. मग विंडोज म्हणतं, समोर कोण आहे मला माहीत नाही, मी आपलं सुरक्षित तेवढंच दाखवतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटरच्या खाली 'जेनेरिक नॉन पीएनपी मॉनिटर' असं नाव दिसलं की पहिला संशय केबलवर घ्या, विंडोजवर नंतर. अण्णांकडे हेच नाव समोर लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही.

आता धंद्याचा मुद्दा. आपण फॉरमॅट का मारतो? आळस म्हणून नाही. अक्कल नाही म्हणूनही नाही. फॉरमॅटचा रेट ठरलेला आहे म्हणून. गिऱ्हाइकाला माहीत असतं, फॉरमॅट म्हणजे चारशे-पाचशे रुपये, कोणी घासाघीस करत नाही. पण तुम्ही अर्धा तास डोकं लावून "शेठ, केबल बदलली, झालं" असं म्हणालात, तर शेठ दीडशे रुपये केबलचे देतील आणि वर म्हणतील, "एवढंच होतं होय?" म्हणजे जो शोधतो त्याला दीडशे, आणि जो सगळं पुसतो त्याला पाचशे. मग पोरगं काय शिकणार? पुसायलाच शिकणार. ज्या कामाचा दर लावलाय ते काम वाढतं, हे बीबीएत पहिल्या वर्षाला शिकवतात, पण मला ते दुकानात बसल्यावर कळलं.

यावर माझ्याकडे जो उपाय चालला तो पुढे सांगतो. आधी फॉरमॅटमुळे जुनं मशीन आणखी कसं अडकतं ते बघा, कारण हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. तुमच्या बॅगेत जी डीव्हीडी किंवा पेनड्राइव्ह आहे ती बहुतेक सर्व्हिस पॅक १ ची, म्हणजे २०११ च्या काळातली. गिऱ्हाइकाच्या मशीनवर गेल्या आठ-दहा वर्षांत जे अपडेट पडले होते ते तुम्ही पुसले. आता ग्राफिक्सचा जरा नवा ड्रायव्हर टाकायला गेलात तर तो बसत नाही, किंवा बसतो आणि डिव्हाइस मॅनेजर कोड ५२ दाखवतं. का? नव्या ड्रायव्हरवरची डिजिटल सही एसएचए-२ पद्धतीची असते, आणि कोऱ्या विंडोज ७ ला ती सही वाचताच येत नाही. त्यासाठी २०१९ मध्ये आलेले दोन अपडेट लागतात, आधी केबी ४४९०६२८ आणि मग केबी ४४७४४१९. हे दोन्ही पेनड्राइव्हमध्ये ठेवाच, ३२ बिटचे वेगळे, ६४ बिटचे वेगळे. त्यात अजून एक गंमत. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर मुळात नसतो. त्यामुळे जरा नव्या बोर्डावर फॉरमॅटनंतर पेनड्राइव्हच ओळखत नाही, नेटवर्कचा ड्रायव्हर नाही म्हणून इंटरनेट नाही, आणि स्क्रीन तर मोठ्या आयकॉनची आहेच. एक बिघाड घेऊन आला होतात, आता चार आहेत.

म्हणून माझ्याकडे शिकणाऱ्या पोरांना मी एकच सवय लावतो: हात लावायच्या आधी बघा की स्क्रीन नक्की कुठे जाते.

चालू केल्यावर कंपनीचा लोगो किंवा बायोसची अक्षरं दिसतात का? दिसत असतील तर केबल, मॉनिटर आणि ग्राफिक्सचं हार्डवेअर निदान चित्र काढण्याइतकं जिवंत आहे. मग विंडोजचा लोगो येऊन स्क्रीन काळी पडत असेल तर भांडण ड्रायव्हरशी किंवा रिझोल्यूशनशी आहे. उलट, बायोसच्या स्क्रीनवरच रेघा, ठिपके, रंगाचे चौकोन दिसत असतील तर विंडोजला शिव्या घालू नका, विंडोज अजून सुरूच झालेली नाही. कार्ड गेलंय, रॅम हललीय किंवा मॉनिटर खराब आहे. आणि लोगोच येत नसेल, मॉनिटर 'नो सिग्नल' म्हणत असेल, तर आधी केबल, मग रॅम काढून खोडरबरने सोनेरी पट्टी पुसून परत बसवणं. हे तुम्हाला येतंच.

'नो सिग्नल' आणि 'आउट ऑफ रेंज' यात फरक आहे हे मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं. 'आउट ऑफ रेंज' किंवा 'इनपुट नॉट सपोर्टेड' म्हणजे सिग्नल येतोय, पण मॉनिटरच्या ताकदीबाहेरचा येतोय. कोणीतरी जुन्या मॉनिटरवर नको ते रिझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेट निवडलाय. विंडोज ७ मध्ये सुरू होताना एफ ८ दाबा, 'एनेबल लो रिझोल्यूशन व्हिडिओ' निवडा, आत गेल्यावर मॉनिटरचं मूळ रिझोल्यूशन आणि ६० हर्ट्झ लावा. काम संपलं. याला फॉरमॅट मारलेलं मी डोळ्यांनी बघितलंय.

त्याच एफ ८ च्या यादीत सेफ मोड आहे, 'लास्ट नोन गुड कॉन्फिगरेशन' आहे. सेफ मोडमध्ये स्क्रीन नीट येते आणि नेहमीच्या मोडमध्ये जाते, म्हणजे ड्रायव्हरच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन रोल बॅक करा, ते राखाडी असेल तर अनइन्स्टॉल करून जुना चांगला ड्रायव्हर टाका.

चांगला म्हणजे कुठला? इथंही घाण झालीय. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअर लोक बिनधास्त टाकतात, आणि ड्रायव्हरसोबत तीन टूलबार, एक नकली अँटिव्हायरस येतो. त्यापेक्षा डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या अ‍ॅडाप्टरवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, डिटेल्स, तिथे हार्डवेअर आयडी. त्यात व्हेंडरचा नंबर असतो. ८०८६ म्हणजे इंटेल, १०डीई म्हणजे एनव्हीडिया, १००२ म्हणजे एएमडी. ड्रायव्हर गेलेला असला, नावाच्या जागी नुसतं 'स्टँडर्ड व्हीजीए ग्राफिक्स अ‍ॅडाप्टर' लिहिलेलं असलं, तरी हा नंबर बदलत नाही. ते हार्डवेअरचं आधार कार्ड समजा. त्यावरून मॉडेल काढा आणि बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच ड्रायव्हर घ्या. विंडोज ३२ बिट आहे की ६४ ते आधी बघा, कारण चुकीचा घेतला तर तो बसणारच नाही आणि तुम्ही उगाच मशीनला दोष द्याल.

आणि कोड वाचा हो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. कोड २२ म्हणजे कोणीतरी डिसेबल केलंय, एनेबल करा. कोड ४३ म्हणजे हार्डवेअरने स्वतःच हात वर केले म्हणून विंडोजने ते थांबवलंय. एकदा ड्रायव्हर बदलून बघा, पण कार्ड जुनं असेल आणि परत परत ४३ येत असेल तर गिऱ्हाइकाला खोटी आशा दाखवू नका.

उन्हाळ्यात आमच्याकडे एक तक्रार ठरलेली असते. काम करताना स्क्रीन क्षणभर काळी होते, परत येते, आणि खाली कोपऱ्यात निरोप येतो की डिस्प्ले ड्रायव्हर थांबला होता, आता सावरलाय. विंडोज ग्राफिक्सला साधारण दोन सेकंद वेळ देते. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर ड्रायव्हर रीसेट करते. कारण ड्रायव्हर असू शकतो. पण बार्शीच्या मे महिन्यात, आडत दुकानात, जिथे धान्याची धूळ दिवसभर उडते, तिथे मी आधी कॅबिनेट उघडून ब्लोअर मारतो. कार्डच्या पंख्यात गोधडी निघते अक्षरशः.

दिवाळीच्या साफसफाईनंतरची तक्रार वेगळी. घरच्यांनी वायरी काढल्या, पुसल्या, परत लावल्या, आणि मॉनिटर बंद. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनमध्ये मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टला लागलेली असते, बस. हे मी फोनवर सांगतो. याचे पैसे घेत नाही, पण पुढच्या वेळी माणूस माझ्याकडेच येतो.

आता कन्व्हर्टर. हा विषय सध्या सगळ्यात जास्त पैसे बुडवतोय. मागच्या सीझनला एक आडतदार शेठ आले. जुना मॉनिटर गेला, नवा आणला, त्याला फक्त एचडीएमआय. कॉम्प्युटर कोअर टू ड्युओ, जी४१ बोर्ड, पाठीमागे फक्त व्हीजीए. कोणीतरी त्यांना दीडशे रुपयांची केबल दिली होती, एका टोकाला व्हीजीए, दुसऱ्याला एचडीएमआय. लावली, काही येईना. त्या माणसाने निदान केलं, "शेठ, बोर्ड गेला, नवीन घ्या." नव्या सेटचं कोटेशनसुद्धा हातात दिलं होतं, अठ्ठावीस हजाराचं. तुरीची आवक सुरू, पट्ट्या अडलेल्या, शेठ घ्यायला तयार होते.

व्हीजीए अ‍ॅनालॉग आहे, एचडीएमआय डिजिटल. मध्ये चिप नसेल तर नुसत्या वायरीने एकाचं दुसरं होत नाही. मराठीचं गुजराती करायला मध्ये माणूस लागतो, नुसता फोन जोडून चालत नाही, तसं. आणि चिपला वीज लागते, म्हणून व्हीजीए टू एचडीएमआय कन्व्हर्टरला बहुतेक एक यूएसबीची शेपटी असते. ती लावली नाही तरी स्क्रीन येत नाही, तेही बघा. अजून एक, या कन्व्हर्टरला दिशा असते. दुकानात जो सहज मिळतो तो एचडीएमआय टू व्हीजीए, म्हणजे नवा लॅपटॉप आणि जुना प्रोजेक्टर जोडायला. तो उलटा चालत नाही. शेठना उलट दिशेचा पाहिजे होता. मी पुण्याला तपकीर गल्लीतून मागवून ठेवलेला एक होता, साडेचारशे रुपये. लावला, स्क्रीन आली.

शेठ म्हणाले, "मग त्यानं बोर्ड गेला असं का सांगितलं?" मी म्हणालो, "त्याला माहीत नसंल शेठ." खरंच माहीत नसेल, असं मी मानतो. पण माहीत नसताना अठ्ठावीस हजाराचं कोटेशन छापायला हात धजावतो, हे मला पटत नाही.

म्हणजे मी म्हणतोय का, की विंडोज ७ कायम ठेवा? नाही. शेठना मी त्याच दिवशी सांगितलं, हे मशीन पट्ट्या आणि हिशोबापुरतं ठेवा, बँकेचं काम याच्यावर करू नका. सुरक्षेचे अपडेट बंद आहेत. क्रोमसुद्धा विंडोज ७ साठी १०९ व्या आवृत्तीवर थांबलंय. बदलायचं आहेच, पण सीझन झाल्यावर, बॅकअप घेऊन, भाव बघून बदला. स्क्रीन काळी आहे, दारात गाड्या उभ्या आहेत, अशा वेळी घाबरलेल्या माणसाने घेतलेला निर्णय महागच पडतो. आणि अण्णांसारख्या डीटीपीवाल्यांचं तर वेगळंच. त्यांच्या जुन्या फाइल जुन्या पेजमेकरमध्ये आणि युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत. त्यांना "नवीन घ्या" म्हणणं सोपं आहे, वीस वर्षांच्या फाइल नव्यावर कोण उघडून देणार?

तर माझा उपाय. २०१६ पासून माझ्या काउंटरवर पाटी आहे: 'तपासणी फी १५० रुपये. बिघाड काय आहे ते लिहून मिळेल. दुरुस्ती इथेच केली तर फी बिलात वळती.' पहिले दोन-तीन महिने लोक पाटी वाचून परत गेले, खोटं कशाला बोलू. शेजारचा फुकट बघत होता. पण लिहून दिलेला कागद लोक घरी नेतात, चार जणांना दाखवतात. त्यावर मी 'केबलची पिन क्रमांक १२ तुटलेली, विंडोज व्यवस्थित' असं लिहितो. ज्याला माझ्याकडे दुरुस्त करायचं नाही त्याने तो कागद घेऊन कुठेही जावं. आणि फॉरमॅटचा रेट मी वाढवून आठशे केला, त्यात डेटाचा पूर्ण बॅकअप आणि यादीवर गिऱ्हाइकाची सही धरलेली आहे. आठशे ऐकल्यावर गिऱ्हाईक स्वतःच विचारतं, "नक्की गरज आहे का?" मला तेच पाहिजे होतं.

तुमच्या गावात दीडशे चालत नसतील तर शंभर ठेवा, पन्नास ठेवा. पण शोधण्याच्या कामाला किंमत लावा, नाहीतर तुमच्या हाताखालचं पोरगं तेच करणार जे मी २०१३ ला केलं.

अण्णांना मी ते सांगितलं, तीन वर्षांनी, पाटी लावली त्याच आठवड्यात. साडेतीनशे रुपये परत द्यायला गेलो होतो. अण्णा म्हणाले, "मला तेव्हाच कळलं होतं की. जुनी केबल टेबलावर ठेवून गेलास ना तू." पैसे घेतले नाहीत. ती केबल मात्र मी मागून आणली. क्लासच्या कपाटात आहे. नवी बॅच आली की एका मशीनला ती लावून ठेवतो, आणि कोण काय काय करतं ते मागे बसून बघतो. मागच्या बॅचमध्ये नऊ जण होते. पाच जणांनी विंडोजची डीव्हीडी मागितली.

पुढच्या व्हिडिओत हार्डवेअर आयडीवरून ड्रायव्हर शोधण्याचं पूर्ण प्रात्यक्षिक घेतो, एका जी४१ बोर्डावर आणि एका जुन्या एनव्हीडिया कार्डावर. ज्यांच्याकडे ३२ बिट विंडोज आहे त्यांनी वर सांगितलेले दोन्ही अपडेट आधीच डाउनलोड करून ठेवा, म्हणजे व्हिडिओसोबत करता येईल.